अजिंक्यताऱ्यावरच्या ऐकीव गोष्टी: तुमच्या घरी कोणती सांगायचे?

माचीपेठेतली

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात आमची आजी गेली. नव्वदीच्या पुढची होती. लग्न होऊन आली तेव्हापासून साताऱ्यात माची पेठेत, अजिंक्यतारा किल्ल्याच्या अगदी पायथ्याशी राहिली. परसात उभं राहून मान वर केली की तट दिसायचा. दिवसकार्य आटोपल्यावर आम्ही नातवंडं तिच्या गोष्टी आठवत बसलो, तर प्रत्येकाला निराळंच आठवत होतं. दादाला मशाली, धाकटीला तळ्यातल्या साती आसरा, आणि मला खणकरी. कुणालाच कुठली गोष्ट शेवटपर्यंत येत नव्हती. फार वाईट वाटलं, म्हणून हा धागा.

मला आठवतंय ते आधी लिहिते. आजी म्हणायची, शिमगा झाला आणि रात्री उकडायला लागलं की परसात बाज टाकावी आणि कान डोंगराकडे लावावा. मध्यरात्र उलटली की आवाज येतो. टक्, टक्, टक्. दगडावर छिन्नी पडावी तसा. मध्येच थांबतो, पुन्हा सुरू होतो. "खणकरी हायत त्ये. डोंगर आतनं खणत्यात. किल्ला कवाच पडला, पर त्यास्नी कुणी सांगितलंच न्हाई."

आवाज मोजायचा नाही, असा तिचा दंडक होता. आपला आकडा चुकला की त्यांचाही चुकतो, मग ते कोण मोजतंय ते बघायला बाहेर येतात.

मी तो आवाज ऐकलाय. चौथीत होते. मोजला नाही.

एक विनंती. घाबरवायला रचलेलं नको, व्हिडिओतलं नको. घरात ऐकलेलं लिहा, कुणी सांगितलं तेही लिहा (नावं नको, नातं पुरे).


बोगद्यापलीकडचा

ताई, आजींना नमस्कार. गोष्ट वाचून अंगावर काटा आला.

आमच्याकडची चकव्याची. वडील परळी खोऱ्यातून सायकलवर दुधाचे कॅन घेऊन साताऱ्यात यायचे. पहाटे साडेतीन-चारला निघायचं, बोगदा ओलांडायचा आणि उजाडायच्या आत समर्थ मंदिराकडच्या घरांना रतीब घालायचा. एकदा सायकल पंक्चर झाली. ती खिंडीतल्या गणपतीपाशी लावली आणि एकच कॅन खांद्यावर घेऊन ते डोंगराच्या अंगाने पायवाटेने निघाले. दहा मिनिटांची वाट. चालले, चालले, आणि एका करवंदीच्या जाळीपाशी आले. पुन्हा चालले, पुन्हा तीच जाळी. तिसऱ्यांदा जाळी आली तेव्हा ओळखलं. खाली बसले, डाव्या पायातली चप्पल उजव्यात घातली, उजव्यातली डाव्यात, आणि दिवस उगवेपर्यंत हलले नाहीत. उजाडल्यावर बघतात तर डांबरी रस्ता शंभर पावलांवर!

वडील आता सत्तरीत आहेत. अंगारे-धुपारे कधी केले नाहीत, भगताकडे पाऊल टाकलं नाही. पण ती जाळी अजून दाखवतात. "हितं मला फिरवलं" म्हणतात. कुणी, ते सांगत नाहीत.


रानवाटा

धागा फार आवडला. मी या डोंगरावर आणि यवतेश्वराच्या बाजूला बरीच वर्षं पक्षी बघत फिरतोय. थोडं माझ्या बाजूचं लिहितो, कुणाच्या आजीला खोटं पाडायला नव्हे.

आधी चकवा. अंधारात किंवा धुक्यात डोळ्यांपुढे लांबची खूण नसली की माणसाला सरळ चालता येत नाही. तो नकळत वळत जातो आणि गोल फिरून जागेवर येतो. प्रयोग करून पाहिलेली गोष्ट आहे ही. बोगद्यापलीकडचे दादा, तुमच्या वडिलांनी जे केलं ते शंभर टक्के बरोबर केलं. चप्पल बदलायला खाली बसावं लागतं, बसलं की जीव थाऱ्यावर येतो आणि माणूस कड्याकडे जात नाही. जुन्या माणसांनी चकव्यावर हा उतारा सांगून किती जीव वाचवले असतील!

ताई, खणकऱ्यांबद्दल एक विचारू का? तो आवाज पावसाळ्यात यायचा का? थंडीत?


माचीपेठेतली

नाही. शिमग्यानंतरच. पाऊस लागला की बंद. आजी म्हणायची, पावसात सुरुंग भिजतो.


रानवाटा

मग मला वाटतं तो रातवा असावा.

रातवा म्हणजे कबुतराएवढा, वाळक्या पाचोळ्याच्या रंगाचा निशाचर पक्षी. दिवसा जमिनीवर बसलेला असतो आणि पाय पडेपर्यंत दिसत नाही. रात्री किल्ल्याच्या रस्त्यावर गाडीच्या उजेडात दोन लाल निखारे चमकतात आणि ऐन वेळी उडतात, तेच त्याचे डोळे. रातव्यांच्या दोन-तीन जाती आपल्याकडे आहेत. त्यातल्या एकाची हाक अगदी छिन्नीसारखी असते, चक्, चक्, चक्, एका लयीत, कितीतरी वेळ. दुसऱ्याची कडक जमिनीवर गोटी टाकावी तशी, टक्-टक्-टक्-टर्रर्र. विणीच्या दिवसांत जास्त ओरडतात, आणि तो काळ उन्हाळ्याचा. शिमग्यानंतरचा.

तळ्यातल्या आसरांबद्दलही एक. किल्ल्यावरची तळी काठाला निसरडी आहेत, खोली वरून कळत नाही. "आसरा ओढून नेतात" हे ऐकलेलं पोर काठावर वाकत नाही.


माचीपेठेतली

तुमचा प्रतिसाद काल रात्रीच वाचला, उत्तर द्यायला दिवस लागला. खरं सांगते, आधी रागच आला. आजी जाऊन महिना झालाय आणि तिचे खणकरी पाखरू निघाले असं वाटलं. मग तुम्ही लिहिलेली "गोटी टाकावी तशी" हाक मोठ्याने म्हणून पाहिली आणि गप्प बसले. तसाच होता तो.

पण एक उरतंच. रातवा तर सगळ्या डोंगरांवर ओरडत असेल. मग आमच्याच डोंगराला खणकरी कुठून आले?


जुनीवही

ताई, याचं उत्तर इतिहासात आहे. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

१६९९ च्या डिसेंबरात औरंगजेब स्वतः साताऱ्याच्या किल्ल्याला वेढा घालायला आला. त्याची छावणी उत्तरेला करंज्यात पडली. आज आपण तिथे भाजी आणायला जातो. शहजादा आझम पश्चिमेला, शिरजेखान दक्षिणेला, तरबियतखान पूर्वेला. आत किल्लेदार प्रयागजी प्रभू. तोफांनी काम होईना म्हणून तरबियतखानाने ईशान्येच्या बुरुजाखाली सुरुंग खणायला घेतले. हा तोच मंगळाईचा बुरूज. खाली ४२ फूट उभा कातळ आणि त्यावर २५ फूट बांधकाम. हा कातळ लोक छिन्नी-पहारीने पोखरत होते, साडेचार महिने! ताई, डिसेंबर ते एप्रिल. किल्ल्यावरच्या माणसांनी पायाखालून येणारा तो आवाज कितीतरी रात्री ऐकला असेल. खणणारे कुठवर आले हे कळायला कान लावण्यावाचून दुसरं साधन नव्हतं.

१३ एप्रिल १७०० ला सुरुंगांना बत्ती दिली. बादशहा लवाजम्यासह हल्ला पाहायला निघाला होता, आणि त्याला बघायला किल्ल्यावरची माणसं तटावर गोळा झाली होती. पहिला सुरुंग उडाला आणि बांधकाम आतल्या बाजूला कोसळलं. तटावरची कितीतरी माणसं जागच्या जागी गाडली गेली. प्रयागजीही गाडले गेले, पण भवानीच्या देवळाजवळ ढिगाऱ्यातून जिवंत निघाले. लोकांनी तो शुभशकुन मानला. इकडे मोगलांचं पायदळ वाट फुटली म्हणून पुढे सरकलं आणि तेवढ्यात दुसरा, मोठा सुरुंग उडाला. तो चुकीचा बसवला होता. सगळा बार बाहेरच्या बाजूला आला आणि मोगलांचीच सुमारे दोन हजार माणसं एका क्षणात गेली.

पुढचं वाचलं तेव्हा मला रात्री झोप लागली नाही. मोगलांकडच्याच इतिहासकाराने ते लिहून ठेवलंय. मेलेल्यांत पायदळातले हिंदू शिपाई पुष्कळ होते. त्यांच्या सोबत्यांना दगडमातीतून प्रेतं काढता येईनात, दहन करता येईना. तेव्हा त्यांनी रात्री गुपचूप वेढ्याच्या मोर्च्यासाठी, म्हणजे हल्ल्याच्या आडोशासाठी, उभारलेल्या लाकडी कामालाच आग लावली. हेतू एवढाच, की आपल्या माणसांना अग्नी मिळावा. ती आग आठवडाभर जळत होती. वेढा घालणाऱ्यांना आणि वेढ्यातल्यांना, दोघांनाही रात्री तिचाच उजेड. आणि खोपटांत जखमी पडलेले, हिंदू-मुसलमान दोन्ही, बाहेर निघता न आल्याने जिवंत जळाले.

२१ एप्रिलला किल्ला पडला. आझमतारा नाव मिळालं. पुढे ताराबाईंनी परत घेतला आणि अजिंक्यतारा म्हटलं. हे सगळं शाळेत शिकवतात. आग शिकवत नाहीत.


गोडोलीचा

हात थरथरतोय लिहिताना. आमच्या पणजोबांची गोष्ट अशी, की उन्हाळ्यात कधीतरी रात्री बुरजाखालच्या उतारावर उजेडाची ओळ दिसते. वेताळाची पालखी म्हणायचे. आजोबांनी स्वतः पाहिली होती. दारात उभं राहून बघायचं नाही, बघितलं तर नमस्कार करायचा आणि आत जाऊन दार लावायचं.

मी मोठा झालो तेव्हा समजलं की फेब्रुवारी-मार्चमध्ये डोंगराचं वाळलेलं गवत पेटतं आणि वणव्याची ओळ गोडोलीतून हुबेहूब मशालींसारखी दिसते. त्यावर पालखीचा विषय मी संपवला होता. आज जुनीवही यांचं वाचून पुन्हा उघडला.

आजोबा एक वाक्य म्हणायचे, त्याचा अर्थ मला कधी लागला नव्हता. "पालखीला भोई न्हाईत, रडणारी माणसं हायत."


फिरायला_जाणारा

मी रोज पहाटे अदालत वाड्यावरून किल्ल्यावर जातो. तीस वर्षं झाली. धुक्यात गेलोय, एकटा गेलोय. भूत पाहिलेलं नाही. पण ताराबाईंच्या वाड्याच्या पडक्या भिंतींपाशी मी आपोआप हळू बोलतो, सोबतचेही बोलतात. या गडावर कैदीही फार राहिले. १५८० मध्ये चांदबिबी, १७५० मध्ये साताऱ्याचे छत्रपती रामराजा. एवढी माणसं तटावरून खालचं जग बघत बसली, तर भिंतींना त्याचं काही वाटत नसेल का?

शहरात खरी भीती मला गेंडामाळावरच्या फाशीच्या वडाची वाटायची. लहानपणी तिकडून जाताना आई हात घट्ट धरायची आणि सांगायची, मुंजा आहे. ८ सप्टेंबर १८५७ ला तिथे १७ जणांना मारलं. काहींना फाशी, काहींना गोळ्या, काहींना तोफेच्या तोंडी दिलं. हे पुष्कळ वर्षांनी स्मारकावर वाचलं आणि आईने मला मुंजा का सांगितला, याचा विचार करत बसलो. सहा वर्षांच्या पोराला ती तोफेचं काय सांगणार होती?


सांगलीची_लेक

मी मूळची सांगलीची, पोवई नाक्याजवळ राहते. आमच्याकडे दंडोबाच्या डोंगरावर चकव्याच्या अशाच गोष्टी आहेत, त्या पुन्हा कधी लिहीन.

एक अडचण आहे. माझा भाऊ आणि त्याचे मित्र येत्या अमावस्येला मध्यरात्री मंगळाईच्या बुरजावर जाऊन चित्रीकरण करणार म्हणतायत. 'साताऱ्यातलं झपाटलेलं ठिकाण' वगैरे. मी नको म्हटलं तर हसतात. तुम्ही काय म्हणाल?


फिरायला_जाणारा

बाळ, जाऊ देऊ नकोस. भुतासाठी नव्हे. या डोंगराला बिबट्याचा वावर आहे. बुरजाकडचे दगड सुटलेले आहेत, एका बाजूला सरळ कडा. रात्री मोबाईलच्या उजेडात कडेचा अंदाज येत नाही. मागे अशाच एका टोळक्याने तटाच्या दगडांवर रंगाने लिहून ठेवलं होतं. आम्ही चार म्हाताऱ्यांनी दोन रविवार घासून काढलं तरी डाग राहिले.


जुनीवही

आणि भावाला वरचा आगीचा मजकूर वाचायला दे. ज्यांना अग्नीसुद्धा धड मिळाला नाही त्यांच्या जागेवर ओरडून-किंचाळून काय दाखवणार?


सांगलीची_लेक

दिला वाचायला. रात्री जेवताना काही बोलला नाही. आज सकाळी विचारत होता की मंगळाईचं देऊळ दिवसा उघडं असतं का.


माचीपेठेतली

दोन दिवस मी हाच विचार करतेय. एवढी वर्षं मला वाटायचं, खणकरी म्हणजे आपले मावळे. तलवार, भगवा, असंच चित्र डोळ्यांपुढे यायचं. पण आजीचं वाक्य नीट बघा. "किल्ला कवाच पडला, पर त्यास्नी कुणी सांगितलंच न्हाई." किल्ला पडावा म्हणून जे खणत होते, त्यांना ही बातमी हवी होती. म्हणजे ते वेढा घालणारे होते. कुठून कुठून आणलेले, पोटासाठी बादशहाचा दगड फोडणारे. कोणी त्यांची नावं लिहिली नाहीत, घरी कोणी कळवलंही नसेल.

आणि मग एक आठवलं ते मी पार विसरले होते. सर्वपित्री अमावस्येला आजी सगळ्या पितरांची पानं झाली की एक पान जास्तीचं वाढायची. भात, वरण, वडा, आमसुलाची चटणी, सगळं. ते परसाच्या भिंतीवर, डोंगराच्या बाजूला ठेवायची. आईने एकदा विचारलं, हे कुणाचं? आजी म्हणाली, "ज्यांचं कुणी न्हाई त्यांचं." आम्हाला वाटायचं कावळ्यासाठी असेल.

तिला वेढा-बिढा काही माहीत नव्हता. शाळा पाहिली नव्हती तिने. पण शत्रूच्या माणसालाही ती वर्षातून एकदा जेवू घालत होती.


बोगद्यापलीकडचा

ताई, हे मी वडिलांना वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या जाळीपाशी मी बी भाकरीचा तुकडा ठेवून येतो, तुला कुठं म्हाईत हाय." चाळीस वर्षांत आम्हाला सांगितलं नव्हतं.


रानवाटा

मीही थोडं मागे घेतो. म्हणजे रातवा मागे घेत नाही, तो आहेच. पण मी आवाज कुणाचा ते सांगितलं आणि काम झालं असं समजलो. पाखरू उन्हाळ्यात ओरडतं, सुरुंग उन्हाळ्यात उडाले. तो आवाज ऐकल्यावर माची पेठेतल्या बाईला खणणारी माणसंच आठवली पाहिजेत, हे कुणीतरी कुणालातरी सांगत आलं. मला तर ही फार मोठी गोष्ट वाटते. तीनशे वर्षं हा धागा तुटला नाही.

पाडव्याच्या आसपास संध्याकाळी ध्वनिमुद्रण करून आणतो. किल्ल्यावर जाणार नाही, खालच्या रस्त्याकडेलाच. तुम्हाला पाठवतो. घरातल्या मोठ्या कुणाला ऐकवा.


माचीपेठेतली

धागा वर काढतेय. पाडवा झाला, रानवाटा दादांनी मुद्रण पाठवलं. दीड मिनिटाचं आहे. आधी लांबून एका गाडीचा आवाज, मग ते सुरू होतं. मी एकटीने ऐकलं नाही, घेऊन कराडला आत्याकडे गेले. आत्या आता शहात्तर वर्षांची आहे. तिचं लहानपण त्याच परसातलं.

तिने मोबाईल कानाला लावला, डोळे मिटले. पहिल्यांदा संपलं तेव्हा म्हणाली, पुन्हा लाव. तीनदा ऐकलं. मी म्हटलं, आत्या, हा रातवा आहे, पक्षी आहे. ती म्हणाली, "व्हय की. पाखरूच हाय. आईला बी म्हाईत होतं."

मी म्हटलं, मग खणकरी?

"खणकरी याच्या खालनं ऐकू येत्यात," आत्या म्हणाली. "पाखरू थांबलं की लगेच न्हाई उठायचं. थोडा वेळ पडून ऱ्हायचं."

परवा मी घरी जातेय. परसात बाज टाकून ठेवायला सांगितलंय.